गॅरेजच्या भिंतीला काय लावायचं?

फेब्रुवारीत आमच्या गॅरेजच्या भिंतीतून विंचू निघाला आणि माझ्या डोक्याला जो ताप लागला, तो मे महिन्यापर्यंत उतरला नाही. विंचू काही मोठा नव्हता. गाडीचं मागचं दार उघडून मी बाजाराच्या पिशव्या काढत होते आणि समोर दोन विटांच्या फटीत तो शेपटी वर करून बसला होता. चप्पल काढून त्याला तिथेच मारला. मारल्यावर मात्र आठवलं, त्या भिंतीच्या पलीकडे बाबांची खोली आहे आणि बाबांना डावीकडून पटकन उठता येत नाही.

आमच्या गावाचा रस्ता हिंगणघाटहून वडनेरकडे जाताना मधेच आत वळतो. घरात आम्ही दोघंच, बाबा आणि मी. मी हिंगणघाटला पोस्टात काउंटरवर बसते. लग्न केलं नाही. त्याची कारणं विचारण्यात आता गावाला रस उरलेला नाही आणि सांगण्यात मलाही नाही. सहा वर्षांपूर्वी बाबांना लकवा मारला, डावा हात आणि डावा पाय अर्धा गेला. त्यांना वर्ध्याच्या दवाखान्यात न्यायला-आणायला मी गाडी घेतली आणि चालवायला शिकले. गावात गाडी चालवणारी पहिली बाई मीच, असं बाबा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात. ते खरं नाही. सरपंचाची सून माझ्या आधीपासून चालवते.

गाडी आली तेव्हा बाबांनी खाटेवर पडल्या पडल्या हुकूम सोडून घराच्या बाजूला तिच्यासाठी टिनाची खोली बांधून घेतली. दोन बाजूंना नवी भिंत, समोर गाडी शिरेल एवढं दार आणि चौथी भिंत म्हणजे बाबांच्याच खोलीची बाहेरची बाजू. तिला प्लास्टर कधी झालंच नव्हतं. आमच्याकडे घर बांधताना समोरून रंगवतात आणि बाजूला विटा तशाच सोडून देतात, पुढे कधीतरी करू म्हणून. त्या खोलीला शेड म्हटलेलं बाबांना चालत नाही. ते गॅरेज म्हणतात आणि सगळ्यांना म्हणायला लावतात.

तर ती भिंत आतून नीट करून घ्यायची, एवढं साधं काम होतं. मी चूक केली ती एवढीच, की अमेरिकेतल्या भावाला सांगितलं.

भाऊ माझ्याहून सात वर्षांनी लहान. आमच्याकडे सकाळी मी चहा ठेवते तेव्हा त्याची संध्याकाळ असते आणि तो फोन करतो. विंचवाचं ऐकून तो आधी घाबरला आणि मग भिंतीचं ऐकून जास्त घाबरला. ‘ताई, थांब,’ तो म्हणाला, ‘गॅरेजची भिंत घराला लागून आहे नं? तिले काईबी नको लावू. तिचा नियम असते.’

‘कोणता नियम?’

‘आगीचा.’

मग त्याने मला जे सांगितलं ते मी पोस्टातून आणलेल्या आवक-जावकच्या कागदामागे लिहून घेतलं होतं. गॅरेज म्हणजे घराला चिकटवलेली पेट्रोलची टाकी. तिथे आग लागली तर ती घरात शिरायला वेळ लागला पाहिजे, तेवढ्या वेळात माणसं बाहेर पडली पाहिजेत. म्हणून मधल्या भिंतीला गॅरेजच्या बाजूने अर्ध्या इंचाचा जिप्सम बोर्ड लावायचा, त्याच्या सांध्यांत लांबी, म्हणजे पुट्टी, भरायची, वायर जिथून जाते तिथलं भोक बुजवायचं, मधलं दार भरीव लाकडाचं आणि आपोआप लागणारं पाहिजे. त्याने नुकतंच स्वतःच्या गॅरेजचं काम केलं होतं आणि तपासायला माणूस आला होता. तपासायला माणूस येतो, हे तो दोनदा म्हणाला. त्याच्या आवाजात जरा अभिमान होता.

मला नियम आवडतात. दिवसभर मी तेच करते. फॉर्म नीट भरलेला असला की माणूस कसाही असो, मी त्याचं काम करते. नियम आहे म्हटल्यावर मला बरं वाटलं. आता फक्त वाचायचं आणि तसं करायचं. पण कुठे वाचायचं?

ग्रामपंचायतीत गेले. ग्रामसेवक चांगला माणूस आहे, मला खुर्ची दिली. मी विचारलं, गॅरेजच्या आतल्या भिंतीला काय लावावं याचा आपल्याकडे काही नियम आहे का? त्याने टेबलावरची रजिस्टरं सरळ केली. पोस्टातली बाई तपासणीला तर आली नाही, असं त्याला वाटलं असावं. मग म्हणाला, ‘मॅडम, घर बांधाची परवानगी, नकाशा, एवढं असते आमच्याकडे. आतून भितीले काय लावता ते कोण इचारते?’

‘आग लागली तर?’

‘कायले लागन आग?’ तो म्हणाला आणि त्याने चहा सांगितला.

तालुक्याला विचारलं तर तिथल्या ओळखीच्या साहेबांनी सांगितलं की देशाचा बांधकामाचा मोठा ग्रंथ आहे, त्यात आगीचा वेगळा भाग आहे, पण तो उंच इमारतींसाठी, बाजारासाठी, सिनेमागृहासाठी. त्यात तुमच्या एका गाडीच्या गॅरेजबद्दल काही असेलही, नसेलही. ‘असेलही, नसेलही’ हे उत्तर मी काउंटरवरून कोणाला दिलं असतं तर माझी तक्रार झाली असती.

आता जिप्सम बोर्ड. आमचा मिस्त्री साठीतला, बाबांच्या ओळखीचा, त्यानेच गॅरेज बांधलं होतं. त्याला बोलावून मी कागद वाचून दाखवला. त्याने शांतपणे ऐकलं, बिडी विझवून कानावर ठेवली आणि भिंतीवर हात मारला.

‘बाई, हे नऊ इंची भित हाये. इटेले काय आग लागते? वीट तं आगीतूनच निंगते.’

‘पण अमेरिकेत बोर्ड लावतात.’

‘कायवर लावते?’

हे मी विचारलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी भावाला विचारलं, तुमच्या भिंती कशाच्या असतात रे? तो म्हणाला, लाकडाच्या चौकटी, मधे कापसासारखं भरलेलं, वरून बोर्ड. मग माझ्या डोक्यात उजेड पडला. त्यांची भिंत पेटू शकते, म्हणून तिच्यावर न पेटणारं काही लावायचं. आमची भिंत पेटूच शकत नाही. मग आमच्या भिंतीवर काय लावायचं?

‘ते मले नाई माहीत,’ भाऊ म्हणाला. तो इतक्या वर्षांत पहिल्यांदाच असं म्हणाला असेल.

तेवढ्यात शाळेतल्या एका मैत्रिणीने तिच्या हॉलचे फोटो पाठवले. पांढऱ्या पीव्हीसी पट्ट्या, मधून सोनेरी रेघ. प्लास्टर नको, रंग नको, पाणी मारणं नको, दोन दिवसांत भिंत तयार. विंचवाला फट नाही. आमच्या भागात सध्या प्रत्येक घराला या पट्ट्यांनी वेड लावलंय. लोक देवघरालासुद्धा लावून घेतात. मी हिंगणघाटला दुकानात गेले. दुकानदार म्हणाला, ‘मॅडम, बिनधास्त लावा, आगीचं तर टेन्शनच नाही.’ आणि खिशातून लायटर काढून त्याने एका तुकड्याला ज्योत धरली.

तुकडा काळा पडला, वाकडा झाला, त्यातून एक गोळा खाली टपकला. लायटर बाजूला नेला तशी ज्योत विझली. ‘पाहा, पेटली?’

पेटली नव्हती हे खरं. पण माझे डोळे चुरचुरायला लागले होते आणि घसा धरला होता. मी म्हटलं, धूर किती झाला. तो हसून म्हणाला, ‘धूर तर अगरबत्तीचाही होते.’

मी तो वाकडा तुकडा पर्समध्ये घालून घरी आणला. बाबांना दाखवला. बाबांनी तो नाकाजवळ नेला आणि लगेच दूर धरला. ‘हे जर कोठं पेटलं,’ ते म्हणाले, ‘तं माणूस जळाच्या आधीच मरीन.’ मग म्हणाले, ‘मले तं इटाच बऱ्या.’ पण विटा तशाच ठेवल्या तर विंचू होता. बोर्ड अमेरिकेचा, पट्टी धुराची, वीट विंचवाची, आणि नियम कुठेच नाही. चार दिवसांत मी काउंटरवर लोकांना सुटे परत देताना दोनदा चुकले.

शेवटी साधं सिमेंटचं प्लास्टर करायचं ठरलं. हे मिस्त्रीने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, पण ते इतकं सोपं होतं की मला ते उत्तर वाटलं नव्हतं. भावालाही पटलं. मात्र त्याने मला फोनवर प्रश्नांची एक यादी पाठवली आणि म्हणाला, याची उत्तरं दे, म्हणजे मी निवांत. भिंतीला लागून काय ठेवलं आहे? मी खरं लिहिलं: आंघोळीच्या पाण्यासाठी पऱ्हाट्या, म्हणजे कापसाची वाळलेली झाडं, छातीइतका ढीग. फवारणीच्या पंपासाठी पेट्रोलची एक कॅन. त्याचा लगेच फोन आला आणि तो इतका ओरडला की बाबांनी आतून विचारलं, कोण मेलं. पऱ्हाट्या आणि कॅन त्याच दिवशी मागच्या अंगणात हलवल्या. पुढचा प्रश्न होता: गॅरेज आणि झोपायची खोली यांच्यामध्ये काही उघडं आहे का? दार? खिडकी? मी लिहिलं: दार नाही. खिडकी आहे, बंद आहे.

हे लिहिताना माझा हात जराही अडखळला नाही. त्या खिडकीत कूलर आहे. आमच्याकडे खिडकीत कूलर बसला की ती खिडकी संपली. तिला कोणी उघडी म्हणत नाही. आणि तो तिथेच का, हे वर्धेकडच्या कोणालाही विचारावं लागणार नाही. कूलर सावलीत पाहिजे. बाबांच्या खोलीला दुसरी खिडकी आहे ती पश्चिमेची, तिच्यावर दुपारी बारापासून ऊन असतं. तिथे कूलर लावला तर तो गरम वाफ फेकतो. गॅरेजमध्ये दिवसभर सावली. म्हणून लोखंडी स्टँडवर कूलर गॅरेजच्या आत उभा, तोंड बाबांच्या खाटेकडे. होळी झाली की मी त्याचं गवत बदलते, टाकी घासते, पंपाला तेल देते. सहा उन्हाळे तो तिथेच आहे.

मिस्त्रीला एप्रिलमध्ये सवड झाली. तोवर कूलर सुरू झाला होता आणि बाबांचं डोकंही. दर उन्हाळ्यात संध्याकाळी त्यांचं डोकं दुखतं. आम्ही डॉक्टर केले, रक्तदाबाच्या गोळ्या बदलल्या, ताक वाढवलं, डोक्याला ओला पंचा बांधला. हिवाळ्यात दुखत नाही, म्हणून सगळ्यांनी उन्हावर ढकललं. विदर्भात एप्रिल-मेमध्ये कोणाचं डोकं दुखत नाही?

रविवार होता, मी घरी होते. गाडी बाहेर काढली होती, मिस्त्री प्लास्टरचा एक हात मारून दुपारी गॅरेजमध्येच पालथ्या घमेल्यावर टेकला आणि त्याने बिडी पेटवली. मी स्वयंपाकघरात. बाबा आपल्या खोलीतून ओरडले, ‘काय मिस्त्री, बिडीचा मार्का बदलवला काय?’

मिस्त्री बाहेरून हसला. ‘बदलवला दादा. जुनी भेटून नाई राह्यली.’

मीही हसले. पोळी उलटली. आणि मग तव्यासमोर उभी असताना मला ते वाक्य पुन्हा ऐकू आलं. मधे नऊ इंची भिंत. मिस्त्री पलीकडे. बाबांना बिडीचा मार्का कळला कसा?

गॅस बंद करून मी बाबांच्या खोलीत गेले. खोलीभर बिडीचा वास होता, गार आणि ओला. कूलरची हवा माझ्या तोंडावर आली आणि ती बिडीचीच होती. मी देवघरातून अगरबत्ती पेटवून आणली आणि गॅरेजमध्ये कूलरच्या मागे हातभर अंतरावर धरली. धूर वर जातो, हे मला शाळेपासून माहीत आहे. हा धूर वर गेलाच नाही. तो आडवा झाला, सरळ कूलरच्या गवतात शिरला आणि दिसेनासा झाला. मिस्त्री माझ्या मागे येऊन उभा राहिला होता. ‘अरे बाप्पा,’ तो म्हणाला.

मी दोन महिने त्या भिंतीवर काय लावायचं ते विचारत गावभर, तालुकाभर आणि अमेरिकेपर्यंत फिरले होते. आणि भिंतीच्या मधोमध एक पंखा उभा होता, गॅरेजमधली सगळी हवा ओढून बाबांच्या तोंडावर सोडणारा. मीच बसवलेला. मीच दर वर्षी त्याला तेल देते. रोज संध्याकाळी मी गाडी आत घेते, इंजिन चालू ठेवून खाली उतरते, फाटक लावते, परत येऊन गाडी नीट भिंतीला लावते आणि मग बंद करते. सकाळी उलट: गाडी चालू करून ठेवते आणि कुलूप लावायला जाते. तो सगळा धूर कुठे जात होता? सहा उन्हाळे मी माझ्या बापाला गाडीचा धूर पाजत होते आणि वर डोक्याला ओला पंचा बांधत होते. उद्या खरंच काही पेटलं असतं तर भिंतीला काहीही झालं नसतं. मिस्त्री म्हणतो तशी ती आगीतूनच आलेली आहे. फक्त पलीकडे बाबा जिवंत राहिले नसते.

सोमवारी सकाळी भावाला सांगितलं. त्याने फोनवरच माझी उत्तरं परत काढून वाचली. मग म्हणाला, ‘ताई, तू तं लिहिलं होतं, बंद हाये.’ मी म्हटलं, हो, लिहिलं होतं. त्याने मला दोष दिला नाही आणि मला त्याचाच राग आला. मग तो म्हणाला की झोपायच्या खोलीत गॅरेजचं काहीच उघडायला नको, ती खिडकी आजच्या आज बुजव.

बुजव म्हणायला सोपं. कूलर बंद केला त्या दुपारी बाबांच्या खोलीत मी थर्मामीटर नाही लावला, पण भिंतीला हात लावला तर ती तव्यासारखी होती. मे महिना तोंडावर. आमच्याकडे म्हातारी माणसं आगीने नाही मरत, उन्हाने मरतात, हे मी भावाला सांगितलं. तो म्हणाला, एसी बसव. त्याला आठवत नाही, आमच्याकडे दुपारी विजेची लाइन इतकी मंद येते की पंखा फिरतो का थांबला ते मोजावं लागतं. आगीपासून वाचवावं तर ऊन, उन्हापासून वाचवावं तर धूर. अशा वेळी काउंटरवर मी लोकांना सांगते, शेजारच्या खिडकीवर जा. मला शेजारची खिडकी दिसत नव्हती.

मग एकदम दिसली. गाडी! गाडीच गॅरेजमध्ये ठेवायची नाही. फाटकाजवळ कडुनिंबाचं झाड आहे, मस्त सावली आहे, गाडी तिथे उभी करायची. गॅरेजमध्ये गाडी नाही, पेट्रोल नाही, तर धूर कशाचा? कूलर तिथेच राहील, भाऊ निवांत, बाबा गार. मी इतकी खूश झाले की चप्पल न घालताच बाबांच्या खोलीत गेले.

‘नाई,’ बाबा म्हणाले.

‘काय नाई?’

‘गाडी गॅरेजमधीच राहीन. निंबाखाली पाखरं घाण करते.’

‘करू द्या. मी धुवून घेईन.’

‘नाई म्हणलं नं.’

बरं, म्हटलं, मग खिडकी बुजवू. मिस्त्रीने तोडगा काढला होता: ती खिडकी विटांनी बंद करायची, कूलर पश्चिमेच्या खिडकीत न्यायचा आणि त्यावर हिरवी जाळी बांधून दुहेरी मांडव घालायचा. थोडा कमी गार होईल, पण होईल. बाबा त्यालाही नाही म्हणाले. तिकडून गरम हवा येते. मला तिकडची हवा मानवत नाही. खिडकी बुजवली तर खोलीची कबर होते.

मी चक्रावले. बाबा हट्टी आहेत, पण वेडे नाहीत. धूर त्यांच्याच नाकात जात होता, डोकं त्यांचंच दुखत होतं. त्यांना मी सगळं समजावून सांगितलं, अगरबत्ती परत पेटवून दाखवली. त्यांनी मान हलवली. आणि तरी त्यांना गाडीही आतच पाहिजे होती आणि खिडकीही उघडीच पाहिजे होती. मी म्हटलं, बाबा, दोन्हीपैकी एक तरी सोडा! ते भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. कूलर बंद होता, घाम मानेवरून उशीवर जात होता. मला वाटलं, लकव्याने हातापायासोबत आणखीही काही नेलं की काय. भावाला विचारलं, डॉक्टरला विचारलं. दोघेही म्हणाले, वय झालं.

वय झालं या उत्तराने माझं डोकं आणखी फिरलं. पाच दिवस मी गाडी निंबाखाली लावली, कूलर परत सुरू केला आणि बाबा पाच दिवस माझ्याशी कामापुरतं बोलले. संध्याकाळी मी ताट घेऊन गेले की विचारायचे, ‘कधी आली?’ मी सांगायचे, मघाशीच आली, तासभर झाला. ते ‘हं’ म्हणायचे आणि जेवायला लागायचे. डोकं दुखत होतं का विचारलं तर म्हणायचे, नाही दुखलं.

गाडी बाहेर चालत नसेल तर खिडकीच बुजवू, असं ठरवून पुढच्या रविवारी मी मिस्त्रीला बोलावलं आणि बाबांना न विचारता कूलर काढायला लावला. खिडकी पाहिली तर चौकट, मधे मोकळी जागा, आणि त्यातून बाबांची खाट सरळ दिसत होती. मिस्त्रीने विटा भिजत घातल्या, माल कालवला, पहिला थर लावला. दुसरा लावताना गॅरेजच्या दारात काठीचा आवाज आला. बाबा होते. महिनोन् महिने ते अंगणात आले नव्हते. एक हात भिंतीला, एक काठीला, बनियन ओलं.

मी ओरडले. रागीट म्हणून मी गावात प्रसिद्ध आहेच. पडले असते म्हणजे? काय लावलंय हे? सहा वर्षं नाकात धूर जातोय, वास येत नव्हता तुम्हाला?

‘येत होता,’ बाबा म्हणाले.

मला वाटलं त्यांना प्रश्न कळला नाही. ‘पेट्रोलचा वास? रोज?’

‘रोजच. तू आली का लगेच येत होता.’

‘मंग सांगतलं काऊन नाई?’

बाबांनी काठी भिंतीला टेकवली. मिस्त्री हातात वीट घेऊन तसाच उभा होता. ‘सांगतलं असतं तं तू गाडी बाहीर लावली असती,’ बाबा म्हणाले.

‘मंग? लावली असती.’

‘मंग मले कसं समजलं असतं, तू घरी आली का नाई ते? कूलरच्या आवाजात गाडी आयकू येत नाई, अन् तिकडे मोठ्या रोडवर दिवसभर ट्रका चालते. मी घड्याळ पायत रायतो. वास आला का समजाचो, आली.’

‘बाबा, मी आवाज देला असता नं.’

बाबांनी परत काठी हातात घेतली. रागावले नव्हते. ‘आजवर किती डाव आवाज देला?’ त्यांनी विचारलं.

मी आठवून पाहिलं. फाटक, गाडी, अंगण, मागचं दार, स्वयंपाकघर. हात धुवायचे, कूकर लावायचा, कणीक मळायची. मग ताट. सहा वर्षं रोज तीच वाट. तिच्यावर बाबांच्या खोलीचं दार लागत नाही. मी मुद्दाम टाळलं असं नाही. मला खरंच कधी सुचलंच नाही की आत जाऊन नुसतं आले म्हणावं.

मिस्त्रीने हळूच विचारलं, ‘बाई, वीट लावू का?’ मी लावा म्हटलं. मग बाबांना काखेत धरून अंगणातून फिरवून त्यांच्या खोलीत आणलं आणि खाटेवर बसवलं. त्यांना दम लागला होता. मला तिथेच त्यांच्याजवळ थोडं बसायचं होतं, म्हणून मी खुर्ची पाहायला लागले, तर त्या खोलीत खुर्चीच नव्हती.